दिव्यांग खेळाडूंचे वृत्तचित्रण
बातम्यांत दिव्यांग खेळाडू बहुधा दोनच रूपांत भेटतो : दयनीय किंवा अचाट जिद्दीचा. महाराष्ट्रातील बोलके उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या या जवानाने 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर मुक्तशैली जलतरण 37.33 सेकंदांत जिंकले. भारताचे हे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. तरीही घरोघरी नाव पोहोचले ते 2018 ची पद्मश्री आणि 2024 चा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट यांमुळे. इतकी उपेक्षा खेदजनकच. आजही युद्धातील जखमा रंगवून सांगितल्या जातात, पोहण्याचे तंत्र व सराव मात्र ओझरता येतो. दुसरे उदाहरण सांगलीच्या सचिन खिलारी यांचे. त्यांनी 2024 मध्ये पॅरिसला एफ46 गोळाफेकीत 16.32 मीटरसह रौप्य मिळवले. एफ46 म्हणजे हाताचे अपंगत्व असलेल्यांचा गट, हे वाचकाला क्वचितच समजावले जाते.