जुन्या लष्करी बंदुकांचा संग्रह
कालबाह्य लष्करी बंदुका जमवण्याचा खाजगी छंद. महाराष्ट्रात तो स्वतंत्रपणे क्वचितच दिसतो. बंदुका बहुधा ढाल-तलवारींच्या संग्रहात येतात. पुण्यात दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास सुरू केलेल्या वस्तुसंग्रहातही शस्त्रे आहेत.

खानदेशाला या बंदुकांचा इतिहास जवळचा आहे. 1825 मध्ये ब्रिटिश अधिकारी जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. धरणगाव हे तिचे ठाणे होते. जुन्या बंदुकांचे प्रकार असे: तोड्याच्या बंदुकीत पेटता तोडा नळीच्या छिद्राजवळच्या रंजकाच्या दारूवर टेकून बार उडे; चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे. पुढे टोपीची बंदूक आली, मग 1853 च्या नमुन्याची एनफिल्ड. जाणकार आधी चाप-घोड्याची रचना पाहतो, नक्षी नंतर. गंज खरवडून चकाकी आणणारे हौशी नळीवरच्या खुणाच पुसून टाकतात.

शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 मध्ये दुरुस्तीनंतरही न उडणाऱ्या जुन्या शस्त्रांना सूट आहे. उडू शकणाऱ्या बंदुकीला, ती आजोबांची असली तरी, परवाना लागतो. शंभर वर्षांवरील वस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदाही लागू होतो. त्या खाजगीरीत्या निर्यात करता येत नाहीत.