पाण्याने आखलेले पट्टे

कन्हेरीच्या परिसरात, म्हणजे बारामती-इंदापूर भागात, 'पट्टा' म्हटले की आधी जमीन आठवते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी मिळते तो बागायती पट्टा, मिळत नाही तो जिरायती. शब्दाचे मूळ संस्कृत 'पट्ट', म्हणजे कापडाची किंवा धातूची पट्टी. तांब्याच्या पट्टीवर दानपत्र कोरले की तीच जमिनीची सनद. 'पाटील' हा शब्दही 'पट्टकिल'वरून आल्याचे मानतात, आणि 'भाडेपट्टा' तर कचेरीत आजही चालतो.

रेडिओलहरींच्या 'बँड'लाही आपण पट्टाच म्हणतो आणि तो दोन्ही अर्थांनी बसतो. तो कंप्रतांचा एक सलग तुकडा असतो. शिवाय सरकार लिलाव करून तो मोबाइल कंपन्यांना 20 वर्षांसाठी देते, म्हणजे भाडेपट्टाही झालाच.

या पट्ट्यांची इंग्रजी नावे मात्र नुसती अक्षरे. ती दुसऱ्या महायुद्धातल्या रडारची; कंप्रता शत्रूला कळू नये म्हणून ठेवलेली. एल म्हणजे लाँग, एस म्हणजे शॉर्ट, एस आणि एक्स यांच्यामधली तडजोड (काँप्रमाइज) म्हणून सी, असा त्यांचा उलगडा सांगतात. 'के' आले 'कुर्त्स', म्हणजे आखूड, या शब्दावरून. शब्द शत्रूच्याच भाषेतला, जर्मन!

या 'के'चे पुढे तीन तुकडे झाले, ते पाण्यामुळे. सव्वा सेंटिमीटर लहरीचे रडार बनवले, पण 22 गिगाहर्ट्झच्या आसपास हवेतली वाफच लहरी शोषून घेते. मग वाफेचा टापू मधे सोडून खालचा भाग 'केयू', 12 ते 18 गिगाहर्ट्झ, आणि वरचा 'केए', 27 ते 40, असे वेगळे काढले. यातला यू 'उंटर'चा, म्हणजे खालचा, तर ए इंग्रजी 'अबव्ह'चा.

एवढ्या आखूड लहरी साध्या तारेतून नेल्या तर वाटेतच विरतात. त्यांच्यासाठी धातूची पोकळ नळी लागते. तिला वेव्हगाइड म्हणतात. जगदीशचंद्र बोस यांनी 1890च्या दशकात कलकत्त्यात अशा नळ्या वापरल्या होत्या. चौकोनी नळीच्या रुंदीच्या दुपटीहून लांब लहर तिच्यातून पुढे सरकत नाही. एक्स पट्ट्याची नेहमीची नळी आतून 22.86 मिलिमीटर रुंद असते. अक्षर पुसले तरी नळी मोजून पट्टा सांगता येतो.

घराघरांवरची टीव्हीची छत्री चालते ती केयूवर. उपग्रहवाले 12 गिगाहर्ट्झच्या थोडे खालीही केयूच म्हणतात. हा पट्टा वाफेतून सुटला, पण पावसाच्या थेंबांतून सुटला नाही. जोराची सर आली की चित्र जाते. याच पुणे जिल्ह्यात खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला सरीची तमा नसते, कारण तिच्या लहरी 20 सेंटिमीटरहून लांब. तिच्या पट्ट्यांना अक्षरे नाहीत, 2 ते 5 असे साधे क्रमांक आहेत. तिथे कोणापासून काही लपवायचे नव्हते.