दौत गोठते तेव्हा

कॅप्टन रॉबर्ट स्कॉटने दक्षिण ध्रुवावरून परतताना आपल्या रोजनिशीतली शेवटची नोंद केली ती 29 मार्च 1912 रोजी. तंबू बर्फाखाली गाडला गेला. 12 नोव्हेंबरला शोधपथकाने तो उकरला, तेव्हा ती वही सहज वाचता आली. ती शिसपेन्सिलीने लिहिलेली होती.

शाई का नाही? त्या काळची नेहमीची शाई म्हणजे हिराकस आणि मायफळाचा अर्क, थोडा डिंक आणि बाकी पाणी. पाण्यात पदार्थ विरघळले की गोठणबिंदू उतरतो हे खरे. पण एक किलो पाण्यात एक मोल साखर घातली तरी तो उतरतो अवघा 1.86 अंश सेल्सियस! स्कॉटच्या तंबूबाहेर पारा उणे 40 च्या आसपास होता, म्हणजे खरे तर पाराच गोठत होता. दौत स्टोव्हवर वितळवता आली असती, पण इंधन आधीच कमी पडत होते आणि प्यायचे पाणीही त्यावरच मिळवायचे होते.

गोठलेली शाई वितळली तरी ती पहिल्यासारखी राहीलच असे नाही. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. प्लॅस्टिकच्या वाटीत निळी शाई पाणी घालून पातळ करावी आणि वाटी फ्रीझरमध्ये ठेवावी. (काचेची दौत नको, गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते.) बर्फ कडेने धरतो, तो फिकट असतो, रंग मध्यभागी ढकलला जातो. बर्फाचे स्फटिक रंगद्रव्याला आपल्यात सहसा जागा देत नाहीत.

बॉलपेनची तेलकट शाई अशी गोठत नाही, घट्ट होते. मग गोळी फिरते, पण कागद कोराच राहतो. आमच्या प्रयोगशाळेत उणे 20 अंशांच्या फ्रीझरमधल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या आम्ही आजही पेन्सिलनेच लिहितो. ग्राफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात आणि कागदाला चिकटतात. त्यात गोठायला द्रवच नाही. (पेन्सिलीत शिसे नसते, हे वर्गात पुन्हा एकदा सांगायला हरकत नाही.)

तंबूत स्कॉटच्या वहीबरोबर हवामानाच्या नोंदीही सापडल्या. रॉयल इंडियन मरीनमधून मोहिमेत आलेला हेन्री बॉवर्स त्या ठेवत असे. मोहिमेचे हवामानतज्ज्ञ जॉर्ज सिम्प्सन हे भारतीय हवामान खात्यातले; त्यांचा हवामानविषयक ग्रंथ 1919 मध्ये कलकत्त्यात छापला गेला. पुढे 1999 मध्ये सुझन सॉलोमन आणि चार्ल्स स्टर्न्स यांनी त्या जुन्या आकड्यांची स्वयंचलित केंद्रांवरच्या तापमानांशी तुलना केली. स्कॉटच्या तुकडीला सुमारे तीन आठवडे जवळजवळ रोज सरासरीपेक्षा 6 ते 11 अंशांनी अधिक थंडी सोसावी लागली होती. ‘अशी थंडी कोणाला अपेक्षित नव्हती’ हे स्कॉटचे म्हणणे तोवर अनेकांना सबब वाटत होते.