फोर्ट स्टिकीन जहाजाची चाकरी व त्याच्या मालाची याद

शके १८६६, चैत्र वद्य पक्ष, शुक्रवार, म्हणजे इ. स. १९४४ च्या एप्रिल महिन्याची १४ तारीख. या दिवशीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकीन नांवाचें मालवाहू जहाज फुटलें आणि गोदीसभोंवारची वस्ती उद्ध्वस्त झाली. या अनर्थाचें कारण पुसलें असतां ‘कोणा हमालाची विडी’ हें उत्तर अजूनहि ऐकूं येतें. आम्ही शाळेंत शिकवीत होतों तेव्हां मुलें घरून हेंच उत्तर घेऊन येत. विडी कोणाची, ती ओढतांना कोणीं पाहिलें, असें विचारल्यास मात्र सर्व गप्प बसत. या जहाजाच्या चाकरीची हकीकत तारीखवार लावून त्या उत्तरांत कितपत तथ्य आहे हें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आंग्रे, धुळप यांच्या आरमाराचे कागद जमविणाऱ्या आमच्या वाचकांस लढाऊ जहाजांचा परिचय अधिक. परंतु दारूगोळा, धान्य व तेल मागून पोंचविणारीं जहाजें नसतील तर लढाऊ आरमार आठ दिवसहि टिकत नाहीं. अशा जहाजांचे पोवाडे कोणी गात नाहीं. त्यांचा इतिहास शोधावयाचा तो मालाच्या यादींत. फोर्ट स्टिकीन हें लढाऊ नव्हतें. युद्धसामग्री वाहण्याच्या कामीं लावलेलें तें एक साधें मालवाहू जहाज होतें.

दुसऱ्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्यांनीं ब्रिटनचीं जहाजें इतक्या वेगानें बुडविलीं कीं, ती तूट भरून काढण्यासाठीं ब्रिटनला अमेरिका व कॅनडा या देशांकडे पाहावें लागलें. कॅनडांत ठरीव नमुन्यावर बांधलेल्या जहाजांच्या एका मालिकेस जुन्या कोटांचीं नांवें देण्यांत आलीं. आपलें जहाज त्याच मालिकेंतील होय. ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील प्रिन्स रूपर्ट येथें १९४२ सालीं तें तयार झालें. त्याचें नोंदणीचें माप ७,१४२ टन असून तें वाफेवर चाले. उसनवार-पट्ट्याच्या करारान्वयें तें ब्रिटनच्या युद्धवाहतूक खात्याच्या चाकरींत आलें. ज्या कोटाचें नांव त्यास मिळालें तो अलास्काच्या किनाऱ्यावर, आज रँगेल गांव आहे त्या ठिकाणीं होता. रशियनांनीं तो १८३४ सालीं बांधला आणि १८४० सालीं हडसन्स बे कंपनीनें आपल्या ताब्यांत घेतला. कातड्यांच्या व्यापारासाठीं उभारलेल्या त्या कोटाचें नांव शंभर वर्षांनीं मुंबईच्या इतिहासांत असें कायमचें कोरलें गेलें.

जहाजाची एकंदर चाकरी दोन वर्षांहून कमी भरते. त्याच्या शेवटच्या सफरीचा आरंभ १९४४ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस इंग्लंडांतील बर्कनहेड बंदरांतून झाला. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ हा होता. जिब्राल्टर, पोर्ट सैद, कराची व मुंबई असा मार्ग होता. जहाजांतील स्फोटक माल सुमारें १,३९५ टन. त्यापैकीं २३८ टन ‘अ’ वर्गाचा, म्हणजे अत्यंत धोक्याचा. पाणतीर, सुरुंग व तोफगोळे यांखेरीज स्पिटफायर जातीचीं लढाऊ विमानें होतीं, आणि ३१ पेट्यांत सोन्याच्या विटा होत्या. त्या सोन्याची किंमत ८ लक्ष ९० हजार पौंडांच्या आसपास धरतात. लोकांच्या स्मरणांत सोनें अधिक राहिलें हें मनुष्यस्वभावास धरून आहे. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र यादींतील यापुढचीं कलमें अधिक बोलकीं आहेत.

कराचीस कांहीं सामान उतरलें आणि मोकळ्या झालेल्या जागेंत कापसाच्या गासड्या व वंगणतेलाचीं पिंपें चढलीं. त्या काळीं सिंध-पंजाबांतून मुंबईस आगगाडीनें कापूस आणण्यास बंदी होती. त्यामुळें व्यापाऱ्यांना समुद्रमार्गावांचून गति नव्हती. जहाजांत लांकूड व भंगार लोखंडहि होतें. याप्रमाणें पेट घेणारा माल आणि फुटणारा माल एकाच जहाजांत आला. एवढ्यावरच भागलें नाहीं. कापूस खालीं व दारूगोळा त्याच्यावर, अशी त्यांची रचना होती. चूल खालीं आणि कोठी वर, असें घर कोणी शहाणा गृहस्थ बांधील काय?

जहाज १२ एप्रिलला मुंबईच्या गोदींत लागलें. धोक्याचा माल असल्याचें दर्शविणारें तांबडें निशाण त्यावर लावलेलें नव्हतें. स्फोटक माल आधीं उतरावयाचा, तो दोन दिवस झाले तरी पुरता उतरला नाहीं. १४ तारखेस दुपारीं दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारांतून धूर दिसला. जहाजावरील खलाशी, किनाऱ्यावरचे बंब व पाण्यांतील बंबनौका यांनीं मिळून सुमारें ९०० टन पाणी कोठारांत ओतलें. धुराच्या लोटांत आगीचें मूळ सांपडेना. पाणी उकळूं लागलें. कोठारांत जों जों पाणी चढे तों तों जळत्या गासड्या तरंगून वरच्या दारूगोळ्याकडे जात. विझविण्याच्या उपायानेंच आग वर उचलली जावी, हें त्या रचनेचें फळ होय. ३ वाजून ५० मिनिटांनीं जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासाच्या सुमारास दुसरा. सुमारें १,७०० किलोमीटर दूर असलेल्या सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याचा हादरा उमटला. सिंदिया कंपनीचें जलपद्म जहाज पाण्यांतून उचललें जाऊन धक्क्यावर आदळलें. मृतांचा आकडा साधनपरत्वें ८०० पासून १,३०० पर्यंत सांगतात. त्यांत आगीशीं झुंजणारे ६६ बंबवाले होते. गोदी साफ करण्यास सुमारें ८,००० माणसें सात महिने राबलीं.

आतां कारणाचा विचार करूं. युद्धकालीन निर्बंधांमुळें येथील बातमीदारांना ही हकीकत मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बाहेर पाठवितां आली नाहीं. जपानी अमलाखालील सायगांवच्या नभोवाणीनें मात्र ती १५ एप्रिललाच जगास सांगितली. खरी बातमी दडपली म्हणजे तिच्या जागीं आख्यायिका येऊन बसते. विडीची कथा अशीच वाढली असावी असा आमचा तर्क आहे. पुढें सरकारी चौकशी झाली. तींत आगीचा उगम बहुधा कापसाच्या गासड्यांत असल्याचें ठरलें, आणि पांच दोष दाखविण्यांत आले: दारूगोळ्याखालीं कापूस ठेवणें, तांबडें निशाण न लावणें, स्फोटक माल उतरण्यास विलंब करणें, वाफ सोडून आग कोंडण्याचीं साधनें न वापरणें, आणि शहराच्या बंबखात्यास उशिरां कळविणें. या पांचांतील एकहि दोष गासडी वाहणाऱ्या हमालाच्या अधिकारांतला नव्हता.

शास्त्रकार उपादान व निमित्त असा कारणांचा भेद करतात. मडक्याला माती हें उपादान, कुंभार हें निमित्त. ठिणगी विडीची असो वा दुसऱ्या कशाची, ती फार तर निमित्त ठरेल. उपादान कराचीसच भरून निघालें होतें, आणि त्याची नोंद यादींत होती. निमित्तालाच सर्व कारण समजून तें एका अनामिक गरिबाच्या माथीं मारणें हा इतिहासांतला अन्याय होय. आणि ज्याचें नांवच कोणास ठाऊक नाहीं, त्याला आपली बाजू मांडण्यास येतां येत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. सनदा व महजर आपण जपतां, तसे बंदरांतील जकातीचे, गुदामांचे, मालाच्या उतारचढावाचे साधे कागदहि रद्दींत जाऊं देऊं नका. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो व त्या ६६ जणांस वंदन केलें जातें, हें उचितच आहे. त्याच दिवशीं विडीची कथाहि मागें घेतली जावी, इतका पुरावा उपलब्ध आहे असें आम्हांस वाटतें.