दोन हातोड्यांचं कोडं

मागच्या भागानंतर पत्रांतून एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. लेक परदेशात, सून परदेशात, बाळंतपणाला जायचंय. विमानाचं तिकीट मुलं काढून देतात, पण विमानतळावरून पुढे आगगाडीने एकटीने जायचं म्हणजे छातीत धडधडतं. गाडी किती वाजता, कुठून, कुठे बदलायची, हे निघण्याआधी कसं कळावं?

हा प्रश्न आजचा नाही. तो जवळजवळ १८५ वर्षांचा आहे. म्हणून आज आम्ही वेळापत्रकाचीच गोष्ट सांगणार आहोत. पण आधी आमची एक फजिती.

१९९८ साली आमच्या गटातल्या एक काकू लेकीकडे जर्मनीला निघाल्या. तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच घरी इंटरनेट नव्हतं. ओळखीतून युरोपच्या गाड्यांचं एक जाडजूड वेळापत्रक मिळालं. आम्ही चौघीजणी चटईवर बसलो, बोट फिरवत रकाने वाचले आणि दुपारी दोन वीसची गाडी शोधून काढली. तिच्या डोक्यावर दोन हातोडे एकमेकांवर आडवे ठेवल्याचं चित्र होतं. आम्ही म्हटलं, कामगारांची गाडी असेल, आपल्याला काय! काकू रविवारी तिथे पोचल्या. फलाटावर चिटपाखरू नाही. त्या चित्राचा अर्थ होता, ही गाडी कामाच्या दिवशीच धावते, सोमवार ते शनिवार. आठव्या महिन्यातली लेक पुढच्या स्टेशनावर ताटकळत उभी आणि निरोप द्यायला दोघींकडेही फोन नाही. शेवटी एका जर्मन आजीने काकूंना भिंतीवरच्या पिवळ्या कागदापाशी नेलं, हातोड्यांवर बोट ठेवलं आणि रविवार सांगायला हात जोडून प्रार्थनेची खूण केली. दोन तासांनी गाडी आली. काकू आजही म्हणतात, "मला जर्मन येत नव्हतं त्याचं काही नाही, पण ते चित्र आधी कळायला हवं होतं."

आता जरा मागे जाऊ. इंग्लंडात आगगाडी आली तेव्हा प्रत्येक कंपनीचा कारभार वेगळा होता. मँचेस्टरला जॉर्ज ब्रॅडशॉ नावाचे एक गृहस्थ नकाशे कोरून छापत. १८३९ साली त्यांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांच्या वेळा एका छोट्या पुस्तकात छापल्या. म्हणतात की काही कंपन्यांना हे रुचलं नाही. वेळ छापली की ती पाळावी लागेल, ही त्यांची अडचण! पण लोकांना पुस्तक हवंच होतं. १८४७ साली ब्रॅडशॉने युरोपातल्या गाड्यांचंही पुस्तक काढलं. पुढे त्यांचं नाव म्हणजेच वेळापत्रक असं झालं. आपल्याकडेही कोलकात्याहून 'इंडियन ब्रॅडशॉ' निघत असे.

मैत्रिणींनो, वेळ छापायची तर आधी ती एक असायला हवी. तेव्हा गावोगावी सूर्य डोक्यावर आला की बारा. लंडनपेक्षा ब्रिस्टलचं घड्याळ १० मिनिटं मागे. गाडी एका घड्याळाने निघे आणि दुसऱ्या घड्याळाने पोचे. १८४० साली तिथल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपल्या सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली. इतरांनीही हळूहळू तेच केलं, पण देशाचा कायदा व्हायला १८८० उजाडलं. फ्रान्समध्ये तर गंमतच होती. स्टेशनाबाहेरच्या घड्याळापेक्षा आतलं घड्याळ मुद्दाम ५ मिनिटं मागे ठेवत, म्हणजे धावत येणाऱ्याला गाडी मिळावी. ही पद्धत १९११ पर्यंत चालली. आणि हसू नका, आपल्या मुंबईने १९०६ नंतरही स्वतःची वेळ सोडली नव्हती. देशाच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली मुंबईची वेळ १९५५ पर्यंत काही ठिकाणी पाळली जाई.

आता थॉमस कुक यांच्याकडे येऊ. १८४१ साली त्यांनी लेस्टरहून लफबरोला पहिली सहल काढली. १८६३ साली त्यांची मंडळी स्वित्झर्लंडला गेली, त्यात बायकाही होत्या. त्या काळी बाईने घरच्या पुरुषाशिवाय परदेशी जाणं तिथेही सोपं नव्हतं. पण तिकीट ठरलेलं, गाडी ठरलेली, मुक्काम ठरलेला, म्हटल्यावर घरचे "जा" म्हणू लागले. वेळापत्रकाने घरच्यांची भीती कमी केली, असं आम्हाला वाटतं. १८७३ च्या मार्चमध्ये कुकने युरोपच्या गाड्यांचं स्वतःचं वेळापत्रक सुरू केलं. आधी ते तीन महिन्यांनी निघे, १८८३ पासून दर महिन्याला निघू लागलं.

हे १८८३ साल आपल्या ओळखीचं आहे. याच साली एप्रिलमध्ये कल्याणच्या आनंदीबाई जोशी, वय जेमतेम १८, कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. नवरा बरोबर नव्हता. त्याच एप्रिलमध्ये पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडला गेल्या. आनंदीबाई फिलाडेल्फियाला वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला असतानाच, १८ नोव्हेंबर १८८३ रोजी, अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी आपली घड्याळं एकदम बदलली. तोवर तिथे पन्नासच्या आसपास वेगवेगळ्या रेल्वे-वेळा होत्या. त्या दिवसापासून मोजके ठरीव पट्टे झाले. कित्येक गावांत त्या दिवशी दुपारचे बारा दोनदा वाजले. फिलाडेल्फियाला मात्र फरक मिनिटभराचाही नव्हता, कारण ते शहर जवळजवळ नेमक्या रेघेवरच वसलं आहे.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला रमाबाई इंग्लंडहून तिथे गेल्या. पुढची जवळजवळ पावणेतीन वर्षं त्या अमेरिकेत गावोगाव फिरल्या, व्याख्यानं दिली, विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. अमुक तारखेला अमुक गावी सभा, दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच गावी, हे नेमक्या वेळेवर चालणाऱ्या गाड्यांशिवाय जमलं असतं का? १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. त्याच्या पायात अनेकांचं दान आहे, आणि थोडंसं रेल्वेच्या वेळापत्रकाचंही आहे.

पुढची गोष्ट थोडक्यात. कुकच्या वेळापत्रकाने १९१९ साली चोवीस तासांचं घड्याळ घेतलं, सकाळ-संध्याकाळचा घोळ मिटला. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडलं, १९४६ साली पुन्हा आलं. १९७२ साली युरोपात तरुणांसाठी एकाच पासवर महिनाभर फिरायची सोय झाली आणि पाठीवर पिशवी घेतलेल्या पोरीबाळींच्या हातात हे पुस्तक दिसू लागलं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये कुक कंपनीने ते थांबवलं. पण ते तयार करणाऱ्या मंडळींनीच हक्क घेऊन २०१४ साली ते पुन्हा काढलं. आज सगळं मोबाईलवर मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? कारण मोबाईल विचारलेल्या एका गाडीचं उत्तर देतो. छापील पान अख्खा दिवस दाखवतो: ही चुकली तर पुढची कधी, शेवटची किती वाजता.

म्हणून निघणाऱ्या मैत्रिणींना चार गोष्टी. एक, वेळ बघताना आपली नेमकी तारीख आणि वार टाकून बघा. रविवार आणि तिथल्या सुट्ट्या वेगळ्या असतात. दोन, युरोपात डिसेंबरच्या मध्याला नवीन वेळापत्रक लागू होतं. त्यानंतर जायचं असेल तर जुन्या वेळांवर विसंबू नका. तीन, गावाचं नाव तिथल्या भाषेत लिहून घ्या. व्हिएन्ना म्हणजे वीन, फ्लॉरेन्स म्हणजे फिरेन्झे. आणि जर्मनीत फ्रँकफर्ट दोन आहेत, एक माइन नदीवर, एक ओडर नदीवर, पार पोलंडच्या सीमेला! चार, पुढच्या दोन गाड्या आणि शेवटची गाडी कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मोबाईलची बॅटरी संपते, कागद संपत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या मनाला लागून राहते. ब्रॅडशॉने वेळा छापल्या तेव्हा ज्याला वाचता येई त्यालाच त्यांचा उपयोग झाला. आजही ज्या बाईला मोबाईलवर शोधता येत नाही तिला दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं. मुलं तिकीट काढून देतात, पण "कुठे बदलायची ते मला शिकव" असं म्हणायला आपण संकोचतो. संकोचू नका. नातवाला शेजारी बसवा आणि एक गाडी स्वतःच्या बोटाने शोधून बघा.

काकू यंदा पुन्हा निघाल्यात, नातीच्या लग्नाला. या वेळी वेळापत्रक त्यांनी स्वतः काढलं. आम्ही फक्त वार तपासला. शनिवार आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!