अधिवृक्क ग्रंथीतील रक्तस्राव, कॅथेटर उपचार आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा संशोधकांच्या नावांनी लिहिला जातो. शोध रुग्णापर्यंत कसा पोहोचला, हा प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत लेखात अधिवृक्क ग्रंथीतील रक्तस्रावाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार केला आहे.

आजार व उपचार :
अधिवृक्क ग्रंथी मूत्रपिंडांच्या माथ्यावर असतात. प्रत्येक ग्रंथीला धमन्यांचे तीन समूह रक्त पुरवितात. बाहेर नेणारी प्रमुख नीला मात्र एकच. त्यामुळे शरीरावर तीव्र ताण आला की तेथे रक्त तुंबून स्राव होऊ शकतो. तीव्र जंतुसंसर्गातील अशा रक्तस्रावाचे वर्णन वॉटरहाउस यांनी १९११ मध्ये व फ्रिडरिक्सेन यांनी १९१८ मध्ये केले. अपघात, गाठ, रक्त पातळ करणारी औषधे हीदेखील त्याची कारणे होत.

१९२९ मध्ये जर्मनीच्या फोर्समान यांनी स्वतःच्या दंडातील नीलेतून हृदयापर्यंत नळी नेली. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी तारेच्या आधारे नळी घालण्याची सोपी पद्धत दिली. १९७२ मध्ये रॉश, डॉटर व ब्राऊन यांनी जठरातील रक्तस्राव नळीवाटे धमनी बुजवून थांबविल्याचे प्रसिद्ध केले. अधिवृक्कातील वाहता रक्तस्रावही याच तत्त्वाने रोखता येतो. मात्र दोन्ही ग्रंथी निकामी झाल्यास रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन तातडीने द्यावे लागते. नळी रक्त थांबविते, संप्रेरक परत आणीत नाही.

वनप्रदेशाचा संदर्भ :
डॉटर प्रभृतींच्या लेखानंतर एका वर्षाने, डिसेंबर १९७३ मध्ये, भामरागडजवळील हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला व डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे रुग्णसेवेस वाहून घेतले. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने हा भाग तुटतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चंद्रपूरला २०१५ मध्ये आणि गडचिरोलीला २०२४ मध्ये आले. तोवर गंभीर रुग्णाचा रस्ता प्रामुख्याने नागपूरकडे जात असे.

याच जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील प्रशिक्षित ग्रामीण महिलांकरवी घरोघरी नवजात शिशूंची काळजी घेतली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. जन्मतः श्वास गुदमरणे व जंतुदोष ही नवजातातील अधिवृक्क रक्तस्रावाचीही कारणे आहेत. असा रक्तस्राव बहुधा देखरेखीखाली आपोआप जिरतो. त्यामागील मूळ आजार मात्र जीवघेणा ठरतो. त्यावर गावातच उपाय झाला, हे महत्त्वाचे.

समारोप :
कॅथेटर हा साखळीचा शेवटचा दुवा होय. लक्षण ओळखणारा डॉक्टर, वेळीच दिलेले इंजेक्शन, रक्ताची पिशवी आणि चालू रस्ता हे त्याआधीचे दुवे आहेत. यांपैकी एक निखळला तरी नागपूरचे यंत्र रुग्णाच्या उपयोगाचे नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नोंदवह्या व जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी यांचे संकलन स्थानिक महाविद्यालयांनी हाती घ्यावे. या जिल्ह्यांतील वैद्यकाचा खरा इतिहास तेथेच आहे.