रन-फ्लॅट टायर आणि पंक्चरवाल्याची नजर

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महागड्या गाड्यांचं कौतुक नवं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी एकत्र येऊन शंभरावर मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा झाला आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी मराठवाड्याकडे डोळे विस्फारून पाहिलं. तेव्हा शेंद्र्यात स्कोडा आणि ऑडीची जुळणी होत होती. वाळूजचा टायर कारखाना त्याआधीचा. नव्वदच्या दशकात सिएट आणि गुडइयर यांच्या भागीदारीतून उभा राहिलेला, पुढे पूर्णपणे गुडइयरचा झालेला. बातमी अर्थातच मर्सिडीजची झाली. अशा गाडीचं चाक पहिल्यांदा पंक्चर झालं तेव्हा ती कुणाच्या दारात उभी राहिली, याची बातमी होत नसते.

यातल्या बऱ्याच गाड्या रन-फ्लॅट टायरवर धावतात. हवा पूर्ण गेली तरी हा टायर बसत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने साधारण ८० किलोमीटर जा, असं कंपन्या सांगतात. इथून जालना साठेक किलोमीटर, तेवढं निभावतं. अजिंठा शंभरच्या आसपास, तिथे मामला अवघड. डिकीत स्टेपनी नसतेच. मग गाडी पंक्चरच्या दुकानावर येते आणि मालक विचारतो, निघेल का पंक्चर, की टायरच बदलावा लागेल? एका टायरला वीस-पंचवीस हजार सहज मोजावे लागतात, म्हणून प्रश्न पोटतिडकीचा असतो. त्याचं उत्तर समजायला जरा मागे जावं लागेल.

हवेचा टायर बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये रूढ केला. हा पेशाने जनावरांचा डॉक्टर. टायर बसायला मऊ होता, पण चाकाला चिकटवलेला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंच्या रबर कारखान्यात एक सायकलस्वार पंक्चर घेऊन आला. टायर सोडवून दुरुस्त करायला तीन तास लागले, डिंक वाळायला अख्खी रात्र गेली आणि एवढं करून दुसऱ्या दिवशी हवा पुन्हा गेली. एदुआर मिशेलिनने यातून एक साधी गोष्ट ओळखली. हवेचा टायर टिकायचा असेल तर तो रस्त्याच्या कडेला उघडता आला पाहिजे. १८९१ मध्ये त्याने काढता-घालता येणारा टायर आणला आणि त्याच सप्टेंबरमध्ये शार्ल तेराँ तोच टायर लावून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सायकल शर्यत जिंकला. जगातल्या एका बलाढ्य टायर कंपनीचा पाया असा पंक्चर काढणं सोपं करण्यावर रचला गेला आहे. पंक्चरच्या धंद्याचा जन्मही तिथलाच म्हणायला हवा.

स्टेपनी हा शब्दही त्याच काळातला. वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला सुरुवात केली. गल्लीचं नाव चाकाला चिकटलं. इंग्लंडमध्ये हा शब्द आता फारसा कुणाला आठवत नाही. आपल्याकडे रिक्षावाल्यापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे.

नंतर ट्यूबलेस आला. ट्यूब गेली, टायर रिमवरून उतरवण्याची कटकट गेली. खिळा उपटायचा, टोच्याने भोक साफ करायचं, सोल्युशन लावलेली रबरी पट्टी आत ढकलायची, वरचं शेपूट कापायचं. दहा मिनिटांत गाडी रस्त्यावर. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडच्या दुकानांचा हात यावर बसला आणि ग्राहकालाही याचीच सवय झाली. रन-फ्लॅटच्या बाबतीत नेमकी हीच सवय धोक्याची आहे. ती कशी, हे पुढे येईलच.

हवा गेल्यावरही चालणाऱ्या टायरची धडपड मात्र जुनी. डनलॉपने १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘डेनोवो’ आणला. त्याला रिम वेगळी, आत वंगणाच्या डब्या. लोकांनी तो फारसा घेतला नाही. मिशेलिनने नव्वदच्या दशकात ‘पॅक्स’ आणला, त्यात रिमभोवती आधाराचं कडं होतं. तो उतरवायला खास यंत्र लागे आणि ते फार थोड्या दुकानांत असे. अमेरिकेत ग्राहक वैतागून कोर्टात गेले. पंक्चर सोपं करून मोठी झालेली कंपनी शंभर वर्षांनी पंक्चर अवघड करून फसली, हे गमतीचं आहे. टिकला तो तिसरा मार्ग, जाड बाजूचा टायर. गुडइयरने तो १९९४ च्या कॉर्व्हेट गाडीला पर्याय म्हणून दिला. १९९७ च्या कॉर्व्हेटमधून स्टेपनीच काढून टाकली. पुढे बीएमडब्ल्यूने तो सर्रास वापरला आणि आपल्या रस्त्यांवर प्रामुख्याने तिच्या गाड्यांसोबत आला.

या टायरच्या बाजूच्या भिंतीत कडक रबराचा जाड थर असतो. हवा असेपर्यंत भार हवा उचलते, ती गेली की ही भिंत. पण दर फेऱ्याला भिंत दुमडते, सरळ होते, तापते. काही अंतरानंतर आतलं रबर सुटायला लागतं. बाहेरून टायर नवाकोरा दिसतो. उतरवून आत हात घातला की काळी भुकटी बोटांना लागते, आतल्या बाजूने गोल सुरकुती किंवा चरा दिसतो. असा टायर संपलेला असतो, भोक मोहरीएवढं असलं तरी. आणि बाहेरून पट्टी ठोकणारा माणूस हे पाहूच शकत नाही.

म्हणून निर्णयाचा क्रम ठरलेला आहे. भोक जमिनीवर टेकणाऱ्या मधल्या पट्ट्यात हवं. खांद्याजवळ किंवा बाजूला असेल तर विषय संपला. ते सहा मिलिमीटरहून मोठं नको. टायर उतरवून आतून पाहायचा आणि ठीक असेल तरच आतून मशरूम पॅच लावायचा. कंपन्यांचंही एकमत नाही. काही जण या अटींवर दुरुस्ती चालवून घेतात, काही जण सरळ बदला म्हणतात. आपल्या टायरच्या कंपनीचं म्हणणं आधी पाहावं. शोरूमवाले बहुधा बदलाच म्हणतात. त्यात सावधगिरी किती आणि विक्री किती, हे ज्याने त्याने ओळखावं. माझं मत असं की हवा कमी झाल्याचा दिवा लागताच थांबलेल्या किंवा थोड्या हवेवर सावकाश आलेल्या गाडीचा टायर आतून न पाहता फेकणं ही उधळपट्टी आहे. आणि शून्य हवेवर पन्नास किलोमीटर पळवलेला टायर वाचवणं ही कंजुषी आहे, जी एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

गाडी किती पळाली, हे फक्त चालवणाऱ्याला ठाऊक असतं. टायर बसत नसल्यामुळे हवा कधी गेली, हे दिव्याकडे लक्ष नसेल तर त्यालाही कळत नाही. मालकाला वीस हजार वाचवायचे असतात, म्हणून तो म्हणतो, इथे कोपऱ्यावरच हवा गेली, चाचा. चाचा टायर उतरवतो, आत बोट फिरवतो आणि ती काळी बोटं समोर धरतो. त्याला मशरूम लावून काहीशे रुपये मिळाले असते. नाही म्हटल्यावर उतरवण्या-चढवण्याचे तेवढे मिळतात, वर ग्राहक नाराज.

१४ एप्रिल २०२५ रोजी हिसारच्या सभेत पंतप्रधान म्हणाले की, वक्फच्या मालमत्तांचा प्रामाणिक वापर झाला असता तर मुस्लीम तरुणांना सायकलची पंक्चरं काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं. समाजमाध्यमांवर ‘पंक्चरवाला’ ही शिवी त्याआधीपासून फिरते आहे. वक्फच्या कारभाराबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे, ते वेगळ्या लेखात. पण हा धंदा कुण्या एका जमातीच्या नशिबी लिहिलेला नाही. महाराष्ट्रातल्या हायवेंवर मल्याळी माणसांचीही कितीतरी टायरची दुकानं आहेत. आणि ‘हा टायर मी दुरुस्त करणार नाही’ असं तोंडावर सांगायला जी समज आणि जो इमान लागतो, तो शिवी देणाऱ्यांच्या गावी नसतो.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असेल तर स्टेपनीची सक्ती उरली नाही. त्यामुळे हा प्रश्न आता बीएमडब्ल्यूवाल्यांपुरता राहिलेला नाही. साध्या ट्यूबलेसची गाडीसुद्धा स्टेपनीवाचून विकली जाऊ शकते आणि तो टायर तर हवा गेल्यावर दोन-चार किलोमीटरही धड चालत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये समृद्धी महामार्गावर, शहराजवळच्या माळीवाडा शिवारात, रात्री रस्त्यात ओळीने ठोकलेले खिळे दिसले आणि काही गाड्या पंक्चर झाल्या. घातपाताची चर्चा पसरली. महामंडळाने खुलासा केला की ते खिळे नव्हेत, रस्त्याच्या भेगांमध्ये इपॉक्सी भरायला बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या होत्या. म्हणजे रस्त्याची दुरुस्ती चालू होती. समृद्धीवर वेगाची मर्यादा १२० आहे आणि तिथे गाड्या तेवढ्या पळतात. त्या रात्री एखादी रन-फ्लॅटवरची गाडी त्या नळ्यांवरून गेली असेल, तर चालवणाऱ्याला धक्कासुद्धा जाणवला नसेल. दिवा पाहून त्याने वेग कमी केला की तसाच पुढे गेला, हे दुसऱ्या दिवशी टायर उतरवणाऱ्याच्या बोटांना कळलं असेल.